थेटरात शेजार कसा मिळेल सांगता येत नाही

पाचपाखाडीकर | शनिवार, रात्री ११:५०

आत्ताच घरी आलोय. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

आईला घेऊन मराठी सिनेमाला गेलो होतो. आई ७१ वर्षांची, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दीड वर्षात पहिल्यांदा ती थेटरात आली. सहाचा शो, ठाण्यातलाच एक मॉल. नाव लिहीत नाही, उगाच त्यावरून धागा भरकटेल. शनिवारची संध्याकाळ निवडली ही माझीच चूक, कबूल. माजिवड्यालाच वीस मिनिटं गेली. पार्किंगच्या उतारावर आणखी पंधरा. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आई घाबरते, म्हणून लिफ्टची रांग. आत शिरलो तेव्हा अंधार झाला होता, पण जाहिराती चालू होत्या म्हणजे काही बुडालं नव्हतं.

आमच्या जागेवर एक जोडपं बसलेलं. "आमच्या सीट तिकडे आहेत, तुम्ही तिथे बसा ना, काय फरक पडतो?" अहो, पडतो. कडेच्या दोन खुर्च्या मी चार दिवस आधी मुद्दाम घेतल्या होत्या, आईला पाय लांब करता यावा म्हणून. उठले बापडे, पण असं तोंड करून की जणू मीच त्यांच्या घरात घुसलोय.

पुढच्या रांगेतला गृहस्थ सबंध वेळ मोबाइल चाळत होता. शनिवारी शेअरबाजारही बंद असतो, मग हा बघत काय होता? शेजारी नाचोज. त्या चीजचा वास मोज्यांसारखा येतो हे फक्त मलाच वाटतं का? माझ्या पाठीत एक चिमुकला पाय ठरावीक अंतराने बसत होता, त्याचीही नंतर सवय झाली. आणि मागच्याच रांगेत, डाव्या हाताला, एक बाई. ती सबंध सिनेमा कुजबुजत होती. "आता तो दार उघडतोय… आता ती खिडकीशी उभी आहे, मागे वळली नाही…" क्रिकेटची कॉमेंट्री परवडली.

मध्यंतरात मी वळून म्हणालो, "मॅडम, पडद्यावर काय चाललंय ते आम्हालाही दिसतंय हो." आजूबाजूचे दोघंतिघं हसले. ती सॉरी म्हणाली. नंतर चिडीचूप. आजच्या दिवसातलं माझं एवढं एकच यश.

तर प्रश्न असा की तुम्ही काय करता? बोलता, की गिळता? आणि बोलत असाल तर कुठल्या शब्दांत?

मामलेदारची_तर्री | शनिवार, रात्री ११:५८

त्या "मॅडम"वाल्या वाक्याला माझ्याकडून टाळ्या. एकदम कडक. मी बोलतोच. तिकिटाचे पैसे मोजलेत राव.

कोपरीचा_बाब्या | रविवार, सकाळी ७:१०

पाचपाखाडीकर, तुमचा त्रास वाचून हसूही आलं आणि जुने दिवसही आठवले. आम्ही कोपरीचे, त्यामुळे आनंद टॉकीज म्हणजे घरचंच. स्टेशनच्या त्या बाजूला अशोक, प्रभात, गणेश, मग मल्हार, वंदना. एसटी स्टँडला लोक आजही वंदनाच म्हणतात. तेव्हा शांतता होती असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्टॉलमध्ये शिट्ट्या, चिल्लर पडद्यावर फेकणं, खलनायकाला आईबहिणीवरून शिव्या, पायाखाली शेंगांची टरफलं. वरून खुर्चीत ढेकूण. घरी गेलं की आई आधी कपडे झटकायला लावायची, मग आत घ्यायची.

पण एक माणूस होता, बॅटरीवाला. उशिरा आलेल्याला तो खुर्चीपर्यंत पोचवायचा, आणि कोणी फारच मस्ती केली तर बॅटरीचा झोत थेट त्याच्या तोंडावर. एक अक्षर न बोलता. अख्खं थेटर वळून त्या माणसाकडे बघायचं आणि तो खाली सरकायचा. आता मॉलमध्ये तो माणूसच नाही. तिकीट दारावर स्कॅन झालं की आत तुम्ही आणि तुमचं नशीब.

अवांतर: ब्लॅकवालेही गेले. त्यांच्याशी घासाघीस करण्यात निम्मी मजा होती.

सानपाडा_स्लो | रविवार, सकाळी ९:२५

मोबाइलवाल्यांबद्दल थोडं. मी काही वर्षं प्रोजेक्शनच्या यंत्रांची कामं केली आहेत. पडद्यावरचा पांढरा भाग जास्तीत जास्त ४८ निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास असावा असं डिजिटल सिनेमाचं मानक आहे. तुमच्या हातातला फोन पूर्ण उजेडावर सहज ४०० च्या वर जातो. म्हणजे जो म्हणतो "मी फक्त वेळ बघितली", त्याने तुमच्या डोळ्यांसमोर पडद्याच्या आठपट उजळ खिडकी उघडलेली असते. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि असा एक झोत आला की बरीचशी मेहनत वाया. रात्रीच्या प्रसंगांचे सिनेमे म्हणूनच सगळ्यात जास्त मार खातात. विनोदी सिनेमात एवढं जाणवत नाही.

उपाय म्हणाल तर जागा. पडद्यापासून मागे दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध. आवाजाचं मिश्रण करणारे साधारण त्याच जागी बसून काम करतात, त्यामुळे आवाज तिथे सर्वांत नीट लागतो. पण नेमक्या तिथेच सगळे तिकीट काढतात, म्हणजे गर्दीही तिथेच. मी आताशा शेवटची रांग घेतो. आवाज किंचित मागून येतो, पण पाठीत लाथ बसत नाही. कडेची खुर्ची मात्र आईंसाठी ठीक, एरवी नको. मध्यंतरानंतर समोशाचे ट्रे घेऊन येणारा प्रत्येक जण तुमच्या मांडीवरून जातो.

खारघरची_काकू | रविवार, सकाळी ११:०२

मोज्यांसारखा वास! अगदी. मी गेली दहा वर्षं हेच सांगतेय, घरी कोणी ऐकत नाही.

मुलांबद्दल बोलते, कारण मी स्वतः नातवाला घेऊन जाते. चार वर्षांच्या पोराला दोन तास बसवणं म्हणजे मांजराला पोत्यात भरणं. पाय हलणारच. माझा नियम असा: मूल कंटाळलं की मी उठते आणि बाहेर जाते, माझा सिनेमा बुडाला तरी. आणि कडेची सीट घेते. (सानपाडाभाऊ, म्हणजे तुमच्या मांडीवरून जाणारी मीच.) पण मारामारीच्या, रक्ताच्या सिनेमाला लोक तान्ही मुलं घेऊन बसतात ते मला पटत नाही. "ए" असेल तर अठराच्या आतल्याला सोडायचंच नाही असा कायदा आहे. "यूए" ला आता सात, तेरा, सोळा असे आकडे लागलेत, पण ते पालकांनी स्वतः ठरवायचं. आणि पालक काय ठरवतात ते आपण बघतोच.

दुसरं, माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की असते. ती पकडली गेली आणि दारावर ठेवून घेतली. हे बरोबर आहे का हो? कोणी वकील आहे का इथे?

काळा_कोट_कळवा | रविवार, दुपारी १२:४०

काकू, दुर्दैवाने बरोबर आहे. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की थेटर ही मालकाची खासगी जागा, बाहेरचं खाणं आत न्यायला तो मनाई करू शकतो. पण त्याच निकालात हेही आहे की पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी पालकांनी बेताचं खाणं आणलं तर अडवू नये. त्यामुळे पाण्याची बाटली विकत घेण्याआधी "पिण्याचं पाणी कुठे आहे?" असं स्पष्ट विचारा. बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात कुलर असतो, बोर्ड नसतो. चिक्कीसाठी मात्र माझ्याकडे युक्तिवाद नाही.

आणखी एक. पडद्याचं शूटिंग करून स्टेटसला टाकणारे जे असतात, त्यांना हे ऐकवा. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ ला सुधारणा झाली. थेटरात परवानगीशिवाय सिनेमाचं रेकॉर्डिंग केलं तर किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. स्टेटसवाल्या पोराला कोणी तुरुंगात टाकायला निघालेलं नाही, पण हे हळूच कानात सांगितलं की फोन खिशात जातो. दोनदा अनुभव घेतलाय.

जाहिरातींबद्दल: बंगळूरच्या ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका प्रेक्षकाला २५ मिनिटं जाहिराती दाखवल्याबद्दल २०,००० रुपये भरपाई आणि ८,००० खर्च द्यायला लावला होता. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणून फार उड्या मारू नका.

घणसोली_एक्सप्रेस | रविवार, दुपारी १:१५

सगळे काका-काकू जमलेत असं दिसतंय. हलकं घ्या, पण एक सांगतो. आम्ही पाच जण पहिल्या दिवशी पहिल्या शोला जातो ते शिट्टी मारायलाच. हिरोच्या एंट्रीला थेटर शांत असेल तर घरी टीव्हीवर बघितलेलं काय वाईट? त्या शोला येऊन कोणी "शू" करत असेल तर चूक त्याची.

पाचपाखाडीकर | रविवार, दुपारी १:३०

मित्रा, शिट्टीला माझा विरोध नाही. शिट्टी सगळे मिळून मारतात. शनिवारी संध्याकाळी कौटुंबिक सिनेमाला कानाशी चालणारी कॉमेंट्री वेगळी. तिथे बोलणाऱ्या एकट्याचीच मजा.

मामलेदारची_तर्री | रविवार, दुपारी १:३४

अनुमोदन.

दोन_शोच्या_मधे | रविवार, संध्याकाळी ५:५०

मी नवी मुंबईत एका मल्टिप्लेक्सला तीन वर्षं होतो, आधी पॉपकॉर्नच्या काउंटरला, मग फ्लोअरवर. आता दुसरीकडे आहे. आतल्या बाजूने बघितलं की चित्र वेगळं दिसतं, म्हणून लिहितोय.

बाब्याभाऊंचा बॅटरीवाला अजून आहे. फक्त एकच आहे, आणि त्याच्याकडे चार स्क्रीन. आमच्याकडे दोन शोच्या मधे पंधरावीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात तीनशे खुर्च्यांखालचं पॉपकॉर्न, सांडलेलं कोल्ड्रिंक आणि कोणीतरी विसरलेली एक चप्पल उचलायची. (एकच चप्पल. माणूस घरी कसा गेला असेल, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.) शो सुरू झाला की तो पोरगा दुसऱ्या स्क्रीनच्या दारात. तुमच्या रांगेत काय चाललंय हे त्याला कळायचा मार्ग नाही.

म्हणून तक्रार करायची असेल तर मध्यंतराची वाट बघू नका. मध्यंतरात सगळा स्टाफ काउंटरला असतो, तेव्हा तुमचं कोणी ऐकणार नाही. तुमच्या जागेवर कोणी बसलं असेल तर वादही घालू नका, दारापर्यंत जाऊन रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा नंबर सांगा. "तो टोपीवाला" असं सांगितलं की आम्ही अंधारात टोप्या शोधत बसायचो. आणि पोराने ऐकलं नाही तर ड्युटी मॅनेजर मागा. उठवायचं किंवा जागा बदलून द्यायचं त्याच्या हातात असतं. हॉल अर्धा रिकामा असेल तर जागा बदलून मिळतेच, लोक विचारतच नाहीत.

नाचोजबद्दल सगळ्यांतर्फे माफी. पण काकू, ती चिक्की का अडवतात तेही सांगतो. तिकिटाच्या पैशांतला निम्म्याच्या आसपास हिस्सा पहिल्या आठवड्यात वितरकाकडे जातो. खाण्याच्या पैशांत वितरकाचा वाटा नसतो. दारावरच्या पोराला तुमच्या चिक्कीत काडीचा रस नसतो, पण ती आत सोडली तर बोलणी त्याला बसतात. आमच्याकडे शो संपल्यावर ठेवून घेतलेलं परत द्यायचो. लोक न्यायला विसरायचे आणि रात्री आम्ही भाकरवडी खायचो. त्यामुळे माझी तक्रार नाही.

खारघरची_काकू | रविवार, संध्याकाळी ६:०५

म्हणजे माझी चिक्की तुम्ही लोकांनी खाल्ली!

नीरजा_ऐरोली | रविवार, रात्री ९:४०

काल रात्रीच धागा वाचला होता. लिहू की नको, असं दिवसभर चाललं होतं.

मी ती कुजबुजणारी बाई आहे. म्हणजे तुमच्या मागे बसलेली नव्हे, काल मी ऐरोलीत घरीच होते. पण मी तेच करते. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, हळूहळू, सात-आठ वर्षांत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पाळ्या केल्या आणि दर पगाराला एक सिनेमा हा त्यांचा नेम होता. डोळे गेल्यावर वर्षभर ते थेटरात आलेच नाहीत. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "नीरजा, गाणी तरी ऐकू."

संवाद त्यांना ऐकू येतात. अडचण मधल्या शांततेची आहे. पडद्यावर कोणी बोलत नसतं आणि सगळं थेटर हसतं किंवा श्वास रोखतं, तेव्हा ते माझ्या हातावर बोट आपटतात. म्हणजे "काय झालं?" आता मला सवय झालीय. संवादांच्या फटीत चार शब्द. "पत्र फाडलं." "ती गेली." सगळं सांगायचं नसतं, ते स्वतःच बरंच ओळखतात. आवाज पुढच्या रांगेपर्यंत जाऊ नये म्हणून मी त्यांच्या कानाला हात लावून बोलते, तरी जातोच. दोनदा लोकांनी सुनावलंय. एकदा मी सांगितलं, एकदा नाही सांगितलं. सांगितलं की बाबांना अवघडल्यासारखं होतं. सगळी रांग मग त्यांच्याकडे वळून बघते ना.

ध्वनिवर्णन नावाची सोय असते. मोबाइलमध्ये अॅप, एका कानात इयरफोन, आणि सिनेमाच्या आवाजाशी जुळवून घेत तो निवेदक दृश्यं सांगतो. फोनचा पडदा बंद राहतो, त्यामुळे सानपाडाभाऊंच्या ४८ निट्सना धक्का लागत नाही. केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने मार्च २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचनाही काढल्यात. काही हिंदी सिनेमे बाबांनी असे बघितले, खूश होते. पण आम्ही ज्या मराठी सिनेमांना गेलो त्यांतल्या एकालाही ते मिळालं नाही. आणि बाबांना मराठीच बघायचा असतो.

तुम्हाला टोमणा मारायला लिहिलेलं नाही. शनिवारी मी त्यांना नेतच नाही, आम्ही बुधवारी दुपारी जातो. हॉल रिकामा असतो, तिकीटही स्वस्त. सीवूड्सला गेलो तर स्टेशनवरूनच मॉलमध्ये शिरता येतं, रस्ता ओलांडायचा नाही. ते आम्हाला सोयीचं पडतं.

मामलेदारची_तर्री | रविवार, रात्री ९:५५

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मुद्दा तसाच राहतो. पुढे बसलेल्याला कसं कळणार की कारण काय आहे? शंभरातल्या नव्व्याण्णव कुजबुजणाऱ्यांना असं काही कारण नसतं.

कोपरीचा_बाब्या | रविवार, रात्री १०:०८

तर्री, तुला शंभर माणसं भेटली तरी कधी?

घणसोली_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:१५

नीरजाताई, साष्टांग. शिट्टीच्या वेळी आजोबांना सांगायला लागत नसेल, आमचा आवाज पुरतो.

पाचपाखाडीकर | सोमवार, सकाळी ८:२०

नीरजाताईंचा प्रतिसाद काल रात्रीच वाचला. लगेच लिहायला काही सुचलं नाही.

आज सकाळी चहा घेताना आईला सहज विचारलं, आपल्या मागे ती बाई होती ना बोलणारी, तिच्याबरोबर कोण होतं? आई म्हणाली, "एक मुलगा होता. वीस-बाविसाचा असेल. मध्यंतरात ती त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. हातात पांढरी काठी होती, घडीची."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणे, "मला वाटलं तू बघितलंयस. तू बोललास आणि मग ती उठली. मी काय सांगणार?"

दोघं मध्यंतरानंतर आले का, ते आईला आठवत नाही. मी ज्याला चिडीचूप समजलो ते काय होतं कोणास ठाऊक. माझं वाक्य वर तसंच ठेवतोय, संपादित करत नाही. तर्री, टाळ्या परत घे.

मामलेदारची_तर्री | सोमवार, सकाळी ८:४१

घेतल्या.

दोन_शोच्या_मधे | सोमवार, सकाळी १०:१२

पाचपाखाडीकर, अशा प्रेक्षकांसाठी आम्ही एक करायचो. कोणी आधी सांगितलं तर कोपऱ्यातली, मागे-पुढे रिकामी असलेली जागा बघून द्यायचो. पण येऊन सांगणारे वर्षात दोन. बाकीचे निमूट आपल्या नंबरावर बसतात. नीरजाताई, बुधवारी गेलात तर दारावर जरूर विचारा.

नीरजा_ऐरोली | सोमवार, दुपारी २:३०

हे माहीत नव्हतं. विचारीन.

पाचपाखाडीकर, मनाला फार लावून घेऊ नका. मीसुद्धा पूर्वी लोकांना शू करायचे, चांगली दोन खुर्च्या पलीकडून.

पाचपाखाडीकर | सोमवार, दुपारी ३:०५

नीरजाताई, येत्या बुधवारी आईलाही दुपारचा शो जमेल. मी सुट्टी टाकतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने सीवूड्सला येऊ, गाडी काढतच नाही. आईला तो सिनेमा पुन्हा बघायचाय, शनिवारी तिला अर्धा कळला नाही म्हणे. चिडचिड मी करत होतो आणि लक्ष तिचं उडालं होतं. तुमची हरकत नसेल तर तुमच्या पुढच्याच रांगेत तिकिटं काढतो. बोललात तर ऐकू येईल, आईलाही हवंच आहे, तिला हल्ली डाव्या कानाने कमी येतं.

खारघरची_काकू | सोमवार, दुपारी ३:२०

मी पण येते. नातू शाळेत असतो बुधवारी. चिक्की दारावर ठेवीन आणि यावेळी परत घेईन.

नीरजा_ऐरोली | सोमवार, संध्याकाळी ७:१५

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना बाब्याभाऊंचे ढेकूण सर्वांत आवडले, त्यांच्याही थेटरात होते म्हणे. बुधवारचं विचारलं तर म्हणाले, येऊ देत सगळ्यांना, फक्त कोणी नाचोज घेऊ नका. त्या वासात त्यांना काही ऐकू येत नाही.